आयपीसीसीचा अहवाल शास्त्रज्ञ लिहितात की सरकारं?

तुमचा प्रश्न असा आहे: "आयपीसीसीच्या हवामान अहवालातली एकेक ओळ सरकारांकडून मंजूर करून घेतात असं वाचलं. मग तो शास्त्रज्ञांचा अहवाल कसा? तेल विकणाऱ्या देशांनी पास केलेल्या मजकुरावर मी विश्वास का ठेवावा?"

आयपीसीसी म्हणजे हवामान बदलावरच्या संशोधनाचा आढावा घेणारं आंतरसरकारी मंडळ. तुम्ही वाचलंत ते खरं आहे. पण ती मंजुरी अहवालाच्या फार थोड्या पानांना लागते, आणि त्या थोड्या पानांसाठी ती असावी असं माझं ठाम मत आहे. का ते सांगतो.

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात जलविज्ञान शिकवतो. २०२० च्या टाळेबंदीत सहाव्या अहवालाचा दुसरा मसुदा तपासणीसाठी खुला होता. विषयातला जाणकार असल्याचं स्वतःच नोंदवून कोणालाही नाव घालता येतं, म्हणून मीही घातलं आणि पाण्याच्या चक्रावरचं आठवं प्रकरण मागवलं. त्या प्रकरणाचे समन्वयक मुख्य लेखक तीन होते. त्यांतले एक आर. कृष्णन, पुण्याच्या पाषाणमधल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले. सूचना पाठवायची ती एक्सेलच्या तक्त्यात: पान क्रमांक, कितव्या ओळीपासून कितव्या ओळीपर्यंत, आणि पुढे तुमचं म्हणणं. "प्रकरण छान जमलंय" असं लिहून काही उपयोग नाही. चूक असेल तर कुठे आहे ते बोट ठेवून दाखवा आणि आधाराला शोधनिबंध द्या.

मी सात सूचना पाठवल्या. त्यातली एक सह्याद्रीविषयी होती. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. 'दक्षिण आशियाचा मान्सून' या एका शब्दात हे दोन्ही कोंबू नका, असं माझं म्हणणं. अहवाल प्रसिद्ध झाल्यावर सगळ्या सूचना आणि लेखकांची उत्तरंही जाहीर होतात. मी आपली ओळ शोधून काढली. सूचना फेटाळली होती, पण कारणासकट: जागतिक अहवालाच्या पट्टीवर इतका बारीक भेद बसत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी 'पाऊस घटला' म्हणताना कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षांपर्यंत ते लिहा असं सुचवलं होतं, ते मान्य झालं होतं. पहिल्या कार्यगटाच्या, म्हणजे हवामानाचं मूळ विज्ञान पाहणाऱ्या गटाच्या, त्या एका अहवालावर अशा ७८,००७ सूचना आल्या आणि प्रत्येकीला लेखी उत्तर देणं लेखकांना बंधनकारक होतं. ही उत्तरं नीट दिली जातात की नाही हे पाहायला प्रत्येक प्रकरणावर वेगळे पुनरावलोकन संपादक असतात. माझ्यासारख्या कुठल्याशा कॉलेजातल्या मास्तरला कारण देऊन नकार मिळाला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आता सरकारं कुठे येतात ते. आयपीसीसी १९८८ साली जागतिक हवामान संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी मिळून स्थापन केली. तिचे सभासद शास्त्रज्ञ नसून सरकारं आहेत, एकूण १९५. ती स्वतः संशोधन करत नाही. छापून आलेलं संशोधन गोळा करून त्यातलं पक्कं काय आणि कच्चं काय हे ठरवणं एवढंच तिचं काम. अहवालाचा आराखडा सरकारं मंजूर करतात, लेखकांची नावं सरकारं आणि निरीक्षक संस्था सुचवतात, निवड शास्त्रज्ञांचं ब्यूरो, म्हणजे आयपीसीसीचं पदाधिकारी मंडळ, करतं. पहिल्या कार्यगटाच्या २०२१ च्या त्याच अहवालाला ६६ देशांचे २३४ लेखक होते आणि त्यांनी १४,००० च्या वर संदर्भ धुंडाळले. या कामाचं मानधन आयपीसीसी देत नाही.

जाडजूड प्रकरणं लेखकांची. सरकारं त्यांचा एकत्रित 'स्वीकार' करतात, ओळींवर चर्चा होत नाही. ओळीगणिक 'मंजुरी' लागते ती फक्त वरच्या तीस-चाळीस पानांना, म्हणजे 'धोरणकर्त्यांसाठी सारांश' या भागाला. मंत्री आणि सचिव वाचतात तो हाच. या बैठका अनेक दिवस चालतात, शेवटी शेवटी तर रात्र रात्र. वाक्य पडद्यावर येतं, प्रतिनिधी हरकती घेतात, अडलेलं वाक्य बाहेर छोट्या गटात जातं आणि दुरुस्त होऊन परत येतं. एकमत झाल्याशिवाय वाक्य मंजूर होत नाही. पण समोर लेखक बसलेले असतात. बदललेलं वाक्य आतल्या प्रकरणाशी जुळत नाही असं त्यांनी सांगितलं की ते वाक्य जाऊ शकत नाही. सरकारांना शब्द सौम्य करून घेता येतो, वाक्य गाळून घेता येतं. प्रकरणात नसलेली गोष्ट मात्र सारांशात घुसवता येत नाही.

माद्रिदची गोष्ट यासाठी फार बोलकी आहे. नोव्हेंबर १९९५ मध्ये दुसऱ्या अहवालाच्या वेळी हवामानावरच्या माणसाच्या प्रभावाला कोणतं विशेषण लावायचं यावर खल झाला. सौदी अरेबिया आणि कुवेत यांचा जोरदार विरोध होता. अखेर शब्द ठरला तो मराठीत साधारण 'जाणवण्याजोगा' असा होईल. मिळमिळीत वाटतो ना? आता पुढचे अहवाल पाहा. २००१ मध्ये शब्द आला 'संभाव्य', म्हणजे ६६ टक्क्यांहून जास्त शक्यता. २००७ मध्ये 'अतिसंभाव्य', ९० च्या वर. २०१३ मध्ये ९५ च्या वर. आणि २०२१ मध्ये माणसामुळे वातावरण, समुद्र आणि जमीन तापली हे 'निर्विवाद' आहे, असं वाक्य त्याच देशांच्या प्रतिनिधींसमोर मंजूर झालं. 'संभाव्य', 'अतिसंभाव्य' अशा शब्दांना ठरलेली मापं आहेत, कोणी लहर आली म्हणून वापरत नाही. पुरावा वाढत गेला तसा विरोध करणाऱ्यांच्या हातातून एकेक शब्द सुटत गेला.

या पद्धतीची किंमतही मोजावी लागते, ती लपवण्यात अर्थ नाही. २०१४ साली बर्लिनमध्ये तिसऱ्या कार्यगटाच्या, म्हणजे उत्सर्जन कसं कमी करायचं हे पाहणाऱ्या गटाच्या, सारांशातून देशांना उत्पन्नानुसार गटांत मांडून कोणाचं उत्सर्जन किती वाढलं हे दाखवणारे आलेख निघाले, कारण सरकारांना ते पटले नाहीत. आतल्या अहवालात ते तसेच राहिले. म्हणून माझा आग्रह असतो की सारांशावर थांबू नका. आपल्या विषयाचं एक तरी प्रकरण उघडा, निदान तांत्रिक सारांश तरी वाचा.

उलट जिथे सरकारांची नजर ओळीगणिक पडत नाही तिथे चूक राहू शकते, आणि राहिली. २००७ च्या अहवालात आशियावरच्या प्रकरणात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता लिहिली गेली. तिला शोधनिबंधाचा आधार नव्हता, एका स्वयंसेवी संस्थेच्या अहवालातून ती आली होती. तपासणीच्या वेळी त्या विधानावर प्रश्न आले होते, पण त्यांची नीट दखल घेतली गेली नाही. आपल्याकडे २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने हिमनद्यांविषयी याहून वेगळं चित्र मांडणारी टिपणी काढली तेव्हा आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी तिच्यावर तुटून पडले, आणि जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीलाच खेद व्यक्त करावा लागला. मला त्या वेळी मनापासून वाईट वाटलं होतं, कारण हिमनद्या वितळताहेत हे खरंच होतं आणि एका बेजबाबदार आकड्याने त्या खऱ्यावरही लोक शंका घेऊ लागले. त्याच वर्षी विज्ञान अकादमींच्या परिषदेकडून साऱ्या कार्यपद्धतीची बाहेरून तपासणी झाली. पुनरावलोकन संपादकांचं काम अधिक कडक करा, असं तिने सांगितलं. माझ्या फेटाळलेल्या सूचनेला कारण मिळालं, त्यामागे हा धडा आहे असं मी मानतो.

मग सरकारांना यात आणायचंच कशाला? २०१८ कडे बघा. दीड अंशाच्या तापमानवाढीवरचा अहवाल त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये दक्षिण कोरियातल्या इंचॉनला मंजूर झाला. दोनच महिन्यांनी पोलंडच्या कातोवित्सेमध्ये हवामान परिषदेत अमेरिका, रशिया, सौदी अरेबिया आणि कुवेत यांनी अहवालाचं 'स्वागत' करायला नकार दिला, फक्त 'नोंद घेऊ' म्हणाले. राजकारण झालं, पण अहवाल चुकीचा आहे असं त्यांना म्हणता आलं नाही. सारांशातल्या प्रत्येक ओळीला त्यांच्याच प्रतिनिधींनी मान डोलावली होती. केवळ शास्त्रज्ञांनी लिहिलेला अहवाल कपाटात ठेवून देता येतो. स्वतः मंजूर केलेला नाकारणं अवघड जातं.

शेवटी, वाचायला कुठून सुरुवात करू असंही तुम्ही विचारलं आहे. आयपीसीसीपासून करूच नका. २०२० मध्ये केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने फक्त भारतीय प्रदेशावर एक मूल्यमापन काढलं आहे, संपादन पाषाणच्या त्याच संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं. ते मोफत वाचायला मिळतं. १९०१ ते २०१८ या काळात देशाचं सरासरी तापमान ०.७ अंशाने वाढलं, १९५१ ते २०१५ मध्ये मान्सूनचा पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला आणि ही घट गंगेच्या मैदानात व पश्चिम घाटात ठळक आहे, तर मध्य भारतात एका दिवसात १५० मिलिमीटरहून जास्त कोसळण्याच्या घटना सुमारे ७५ टक्क्यांनी वाढल्या, असं त्यात आहे. आधी त्यातलं पावसाचं प्रकरण वाचा, मग आयपीसीसीचं आठवं प्रकरण उघडा. दोन्हीकडे घटीचं कारण काय दिलंय ते ताडून पाहा: धूर आणि सूक्ष्म कणांनी मान्सूनला कसं रोखलं, आणि पुढे हरितगृह वायू वरचढ ठरतील तेव्हा पाऊस का वाढेल. अडलं तर इथेच प्रतिसादात पान क्रमांक लिहा. मला जमेल तसं समजावून सांगेन.