प्राचीन ग्रीक साहित्याचा अनुवाद करणाऱ्याचं आयुष्य कसं असतं? त्यावर पोट भरतं का?

तुम्ही लिहिलंय की संस्कृतात एम. ए. झालंय, आता ग्रीक शिकून प्राचीन ग्रीक महाकवी होमर थेट मराठीत आणायचा विचार आहे, आणि असं काम करणारी माणसं जगतात कशी ते कळत नाही.

पोट भरत नाही. हे आधीच सांगून टाकतो. मी सव्वीस वर्षं इंग्रजीतून मराठी अनुवाद केले, पण घर चाललं ते बँकेच्या पगारावर. एका पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचे पैसे प्रकाशकाकडून अजून यायचेत; मागायचं मीच सोडून दिलं. ग्रीक शिकतोय निवृत्तीनंतर, रोज सकाळी तासभर. तेव्हा माझं हे उत्तर हौशी माणसाचं आहे असंच धरा.

होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या ज्या इंग्रजी अनुवादानं मला या नादी लावलं, तो करणारा एमिल व्हिक्टर रियू. त्याचंही पोट अनुवादावर नव्हतं. जन्म 1887, लंडन. वडील मूळचे स्विस, ब्रिटिश म्युझियममध्ये पौर्वात्य हस्तलिखितं सांभाळायचे; तिथल्या फारसी हस्तलिखितांची सूची त्यांनी तीन खंडांत केली. मुलगा ऑक्सफर्डला ग्रीक-लॅटिन शिकला आणि प्राध्यापक न होता ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसमध्ये नोकरीला लागला. प्रेसनं 1912 साली त्याला पाठवलं कुठे, तर आपल्या मुंबईला! तिथली शाखा यानं सुरू केली, तेव्हा वय पंचवीस. 1918 मध्ये तो काही काळ 105 व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतही होता. हीच पलटण पुढे दुसरी मराठा झाली, जिला जुने लोक अजून ‘काळी पाचवी’ म्हणतात. होमरला इंग्रजी घराघरांत नेणारा माणूस कधीकाळी मराठा पलटणीत होता, हे मला कळलं तेव्हा उगाचच आनंद झाला. त्याचा होमरशी काडीचा संबंध नाही, मान्य.

परत गेल्यावर मेथ्युएन या प्रकाशनसंस्थेत तो वर्षानुवर्षं होता, थेट व्यवस्थापकीय संचालकापर्यंत चढला. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांची पुस्तकं. ‘ओडिसी’ सुरू झाली ती घरी, संध्याकाळी. बायकोला, नेलीला, ग्रीक येत नव्हतं. हा समोर मूळ ग्रंथ धरायचा आणि तिथल्या तिथे इंग्रजीत सांगत जायचा. तिला गोडी लागली, तिनंच लिहून काढ म्हटलं. मग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते लिहून, घासूनपुसून झालं. पेंग्विन प्रकाशनाचा संस्थापक अॅलन लेन, त्यानं ते घेतलं आणि 1944 मध्ये रियूलाच जुन्या अभिजात ग्रंथांच्या अनुवादांच्या एका नव्या मालिकेचा संपादक केलं. जानेवारी 1946 मध्ये ‘ओडिसी’ निघाली, पेंग्विन क्लासिक्सचं पहिलं पुस्तक. त्या वेळी हा साठीला टेकलेला. होमरचे इंग्रजी अनुवाद काय कमी होते? तरी हा तीस लाखांच्या वर खपला.

का खपला, याचं माझ्या मते एकच कारण: तो आधी तोंडानं झालेला आहे. समोर ऐकणारं माणूस बसलेलं असलं की ‘ज्याने ज्यायोगे’ छापाचं वाक्य तोंडातून निघतच नाही. संपादक म्हणूनही रियूचा हाच हट्ट होता. विद्यापीठातल्या पंडितांचे नमुने वाचून तो वैतागला, कारण मूळ भाषेची वाक्यरचना त्यांच्या मानगुटीवरून उतरेना. मग त्यानं लेखक आणि शाळामास्तर गाठले. ग्रीक नाटककार सॉफोक्लीस दिला शेफील्डच्या वॉटलिंग या शिक्षकाला, ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस कादंबरीकार रेक्स वॉर्नरला.

पण या सोप्या सांगण्याची किंमतही त्यानं मोजली, आणि तुम्ही संस्कृतवाल्या असल्यामुळे हे तुम्हाला चटकन कळेल. होमरची विशेषणं ठरलेली असतात. त्याच्या ‘इलियड’ या दुसऱ्या महाकाव्याच्या पहिल्याच सर्गात अखिलीस हा वीर रुसून जहाजांपाशी बसून राहिलाय, आणि कवी त्याच ओळींत त्याला ‘चपळ पायांचा’ म्हणतो. बसलेला माणूस चपळ पायांचा! आपल्याला यात काही खटकायचं कारण नाही. गीतेत अर्जुन गलितगात्र होऊन बसलाय आणि कृष्ण त्याला ‘परंतप’, म्हणजे शत्रूंना ताप देणारा, म्हणतोय, ते आपण लहानपणापासून ऐकतो. पहाटेची ओळही तशीच: ‘गुलाबी बोटांची इओस’, म्हणजे पहाटेची देवी, उगवली, की दिवस सुरू. ‘ओडिसी’त ही ओळ वीसेक वेळा जशीच्या तशी येते. रियूला ही पुनरुक्ती इंग्रजी कानाला जड वाटली. त्यानं शब्द फिरवले, कुठे सौम्य केले. गोष्ट वेगानं धावली, पण पालुपद गेलं. पुढे त्याच्याच मुलानं 1991 मध्ये तो अनुवाद सुधारून मूळच्या जवळ आणला. मला स्वतःला बापाचा वाचायला आवडतो आणि मुलाचा पडताळायला.

मराठीनं इथे रियूच्या मागे जाऊ नये असं माझं मत आहे. कीर्तन, पोवाडा, जात्यावरची ओवी ऐकलेल्या माणसाला पालुपदाचा कंटाळा येत नाही, उलट तो वाट बघतो.

आता रोजचं काम कसं असतं ते. ‘ओडिसी’ची पहिलीच ओळ घ्या: ‘आन्द्रा मोइ एन्नेपे, मूसा, पोलूत्रोपोन’. शब्दाला शब्द ठेवला तर ‘माणूस मला सांग, देवी, बहुवळणी’. आन्द्रा म्हणजे आपला नर, मोइ म्हणजे मे, पोलू म्हणजे पुरु, आणि वरची इओस म्हणजे उषा, धातू तेच. तुमचं निम्मं व्याकरण इथेच वाचेल. इंग्रजीला ‘माणूस’ हा शब्द ओळीच्या तोंडाशी आणताना कसरत करावी लागते, मराठीत तो नुसता आणून ठेवता येतो.

अडतं ते पोलूत्रोपोनपाशी. त्रोपोस म्हणजे वळण. खूप भटकलेला की खूप वळणांच्या डोक्याचा? दोन्ही. रियूनं हिकमती या अर्थाचा शब्द घेतला, एमिली विल्सन या अनुवादिकेनं 2017 मध्ये गुंतागुंतीचा या अर्थाचा. मी लिडेल-स्कॉटचा ग्रीक-इंग्रजी कोश काढून बसलो (हा लिडेल म्हणजे ‘अॅलिस इन वंडरलँड’ जिच्यासाठी रचलं त्या अॅलिसचा बाप), तीन दिवस ‘चतुर’, ‘बहुमती’, ‘नानाकळांचा’ असं चाललं होतं. चौथ्या दिवशी आईला भाजी निवडताना गोष्ट सांगत होतो, तर तोंडातून गेलं, “बारा गावचं पाणी प्यालेला एक माणूस होता.”

आई म्हणाली, “म्हणजे लबाडच की.”

तेच तर ग्रीक शब्दात आहे! भटकंतीही आली, लबाडीही आली. फक्त हा माणूस, म्हणजे गोष्टीचा नायक ओडिसियस, वीस वर्षं घराबाहेर, त्यातली दहा परतीच्या समुद्रवाटेवर हेलपाटत, आणि त्याला ‘पाणी प्यालेला’ म्हटलं की बुडून नाकातोंडात पाणी गेल्यासारखं वाटतं. शिवाय पहिल्याच ओळीत ‘गाव’ आलं तर ग्रीसचा एजियन समुद्र सातारा जिल्ह्यात येतो.

म्हणून सध्या वहीत ‘बारा वाटांचा’ असं लिहून ठेवलंय, पेन्सिलीनं. आईला ते पसंत नाही. तुमचं ग्रीक सुरू झालं की तुम्हाला काय सुचतं ते इथे खाली जरूर कळवा.