थंड इंजिन आणि नवा हात

थंडीत सकाळी मोटरसायकल दोन-तीनदा बंद पडली म्हणून तुमचे शिकणे चुकते आहे असे मुळीच समजू नका; गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणूनच कार्बोरेटरच्या (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागाच्या) गाडीला चोक, म्हणजे त्या मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढवणारा खटका, दिलेला असतो. चोक ओढून इंजिन सुरू करा, मिनिटभर चालू द्या आणि मग चोक हळूहळू मागे घ्या. तो तसाच विसरला, तर ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग काजळीने काळा पडतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे क्लच झटक्यात सोडणे. इंजिन गरम झाल्यावर मोकळ्या मैदानात, ॲक्सिलरेटर न देता, केवळ क्लच सोडत गाडी जिथे पुढे सरकू लागते ती जागा रोज 10 मिनिटे हाताच्या ओळखीची करा. चौकात बंद पडलीच, तर शांतपणे क्लच दाबा, न्यूट्रलला आणा, पुन्हा सुरू करा. वेगाचे नंतर पाहू.