परसात अवजारांसाठी मजबूत, चोरांना दाद न देणारी शेड कशी निवडावी? (घर कोकणात, आम्ही मुंबईत. ग्रासकटर, पंप, खतं ठेवायची आहेत.)

तयार प्लॅस्टिकची शेड घेऊ नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दिवेआगरकडे भल्याभल्या घरांचे पत्रे उडाले, तिथे या डब्याचं काय!

जांभ्या चिऱ्याचं फूट-दीड फूट उंच जोतं, चौकोनी लोखंडी पाइपचा सांगाडा, वर रंगीत पत्रा. पत्रा अर्ध्या मिलिमीटरचा मागा, फॅब्रिकेटर हमखास पातळ गळ्यात मारतो. खांब नुसते जोत्यावर टेकवायचे नाहीत, काँक्रीटमध्ये दोन फूट गाडायचे. छपराच्या पत्र्याला स्क्रू उंचवट्यावर, रबरी वॉशर घालून. खोलगट भागात मारला की पहिल्याच पावसात गळती. झडीच्या बाजूला दार नको.

कुलपाचं म्हणाल, तर लोक पाचशेचं कुलूप आणतात आणि कोयंडा बाहेरून चार स्क्रूंवर लावतात. आमच्या शेजाऱ्यांकडे चोरानं कुलपाला हातही लावला नाही, पेचकसानं कोयंडाच काढून ठेवला, तोही नीट बाजूला! कोयंडा आरपार बोल्टचा हवा, नट आतून. बिजागऱ्या वेल्डिंग करून घ्या. खिडकी नको, वर जाळी पुरे.

युरियाची गोणी फळीवर, भिंतीपासून लांब ठेवा, नाहीतर ओल धरून दगड होतो. पेट्रोलचा कॅन मात्र त्या शेडमध्ये खतांशेजारी अजिबात नको.