लढाई न पाहिलेल्याला माजी सैनिक म्हणता येतं का?

तुमचा चुलतभाऊ आठ वर्षं सैन्यात होता, लढाईवर कधी गेला नाही आणि स्वतः अर्ज करून बाहेर पडला. त्याला माजी सैनिक म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंय. बोलताना खुशाल म्हणा. सरकारी कागदावर मात्र तो बहुधा बसणार नाही, आणि या न बसण्याचा लढाईशी काही संबंध नाही.

मी हवाई दलात वीस वर्षं रडार दुरुस्त केले. सरावाखेरीज एक गोळी झाडली नाही. तरी माझ्याकडे माजी सैनिकाचं ओळखपत्र आहे, कारण मी पेन्शन घेऊन निघालो. आपल्याकडे सगळी मेख इथे आहे: तुम्ही काय केलंत यापेक्षा बाहेर कसे पडलात हे बघतात. जवानाला पेन्शनसाठी साधारण १५ वर्षं लागतात. त्याआधी स्वतःहून सोडलं तर माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. पण ठरलेली मुदत पुरी करून ग्रॅच्युइटी घेऊन सुटलेला अधिकारी, पेन्शन नसली तरी, चालतो. सेवेमुळे जडलेल्या दुखापतीने बोर्ड आउट होऊन (म्हणजे वैद्यकीय कारणावरून सेवेतून काढला जाऊन) अपंगत्व पेन्शन मिळालेलाही चालतो, अगदी प्रशिक्षण पुरं न झालेला रिक्रूट असला तरी. उलट सीमेवर वर्षं काढून गैरवर्तनासाठी बडतर्फ झालेला बाहेर. ऐकायला विचित्र वाटतं, मलाही वाटायचं.

सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ वगैरे गृह मंत्रालयाखाली येतात, म्हणून तिथले निवृत्त जवान या व्याख्येत नाहीत. गोळ्या त्यांच्यावरही झाडल्या जातात, हे वेगळं.

बाहेरच्या देशांत मोजमाप निराळं. ब्रिटनमध्ये सैन्यात एक दिवस काढला तरी व्हेटरन! अमेरिकेत प्रत्यक्ष सेवेत असणं आणि बेअब्रूने हाकललेलं नसणं, एवढं पुरतं. पण १९८० च्या सप्टेंबरनंतर भरती झालेल्यांना सवलती हव्या असतील तर साधारणपणे सलग २४ महिने लागतात, आणि सेवेत अपंगत्व आलं असेल तर ही अट सुटते. म्हणजे नाव एक, सवलती दुसऱ्या. लोकांचा गोंधळ इथेच होतो.

भावाला डिस्चार्ज बुक काढायला सांगा. सेवामुक्तीचं कारण तिथे लिहिलेलं असतं. ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असेल आणि पेन्शनचा आदेश नसेल, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खेटे घालण्यात अर्थ नाही.