माणसं सात, कामं पाच

प्रश्न : नमस्कार ताई, आमचं छोट्या गावातलं मंडळ आहे. गणपती असतो, रक्तदान शिबिर असतं, जुनं वाचनालय आहे, पोरांसाठी अभ्यासिका काढलीये आणि आता काहीजण ॲम्ब्युलन्सचं घेऊन बसलेत. वर्गणी देणारे भरपूर पण कामाला उभे राहणारे सातच. दर मीटिंगला भांडणं, कुठलं काम आधी ते ठरतच नाही. काय करावं? – एक कार्यकर्ता

उत्तर : दादा, पाचही कामं एकाच मीटिंगला घेऊ नका, अर्धं भांडण तिथेच मिटेल. 1963 साली रिचर्ड सायर्ट आणि जेम्स मार्च या अमेरिकन अभ्यासकांनी मोठ्या कंपन्यांबद्दल हेच लिहिलं होतं, की सेल्सवाल्यांना एक हवं असतं, प्रॉडक्शनवाल्यांना भलतंच, आणि हा वाद कायमचा असा कोणी मिटवत नाही, आज याचं बघतात उद्या त्याचं, आणि काम चालेल इतपत झालं की पुढच्याकडे वळतात. कामचुकारपणा वाटेल ऐकायला, पण सात माणसांत दुसरं काय होणारे? गणपतीआधीचे दोन महिने फक्त गणपती, तेव्हा रक्तदानाचा विषयही काढायचा नाही.

यात एक गोची आहे मात्र. पाळी लागते ती ओरडणाऱ्या कामाची. गणपतीला तारीख आहे, ॲम्ब्युलन्सला पुढारी आहेत, वाचनालय बिचारं धूळ खात गप्प बसतं. (तुमच्या पत्रातही त्याच्याबद्दल 'जुनं' एवढंच आहे बघा.)

म्हणून हिवरे बाजारवाल्यांचं घ्या. पोपटराव पवार 1989 मध्ये सरपंच झाले त्या गावात पाण्याचा ताळेबंद मांडतात, माणसांचं आणि जनावरांचं पाणी आधी बाजूला काढतात आणि उरेल त्यावर पिकं ठरवतात, पाऊस कमी तर जास्त पाण्याचं पीक नाही. तुम्हीही वर्षाच्या सुरुवातीलाच वाचनालय आणि अभ्यासिकेसाठी एक माणूस, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी आणि थोडे पैसे काढून ठेवा, गणपतीत कितीही ओढाताण झाली तरी त्याला हात लावायचा नाही.

ॲम्ब्युलन्स मात्र आत्ता नको बाबा. गाडी देणगीत मिळेलही, पण ड्रायव्हर, डिझेल, इन्शुरन्स दर महिन्याला कोण बघणार? सरकारची 108 ची फुकट आहे, ती तुमच्याकडे यायला किती वेळ लावते ते आधी सहा महिने वहीत लिहून ठेवा, मग बोलू.