फॅकल्टी डेव्हलपमेंटचा चार्ज गळ्यात पडलाय, वक्ता कोण बोलवू?

आधी विचारून घेते, अगं-तुगं केलं तर चालेल ना? नोकरीला सहा वर्षं झाली म्हणतेस म्हणजे माझ्या धाकटीच्या वयाची असशील. मी इथे इंदूरलाच केमिस्ट्री शिकवायचे, ३१ वर्षं, त्यातली शेवटची ७ आयक्यूएसीचं (कॉलेजची गुणवत्ता बघणारी समिती) लचांड माझ्याकडे होतं, आता रिटायर आहे. म्हणजे तू आत्ता ज्या खुर्चीत वैतागून बसलीयेस तिथून मी उठून आलेय.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं की प्रिन्सिपलनी एफडीपीचं, म्हणजे फॅकल्टी डेव्हलपमेंट प्रोग्रॅमचं, शिक्षकांच्या प्रशिक्षणाचं काम तुझ्यावर टाकलं, दर सेमिस्टरला आठवडाभराचा कार्यक्रम होतो, लोक येतात, सही करतात, सर्टिफिकेट घेऊन जातात, आणि फर्स्ट इयरचा रिझल्ट आहे तिथेच आहे, तर आता विषय कोणता घ्यावा आणि बाहेरून कोणाला बोलवावं.

कोणालाच बोलवू नकोस. निदान या वर्षी तरी नको.

आणि सर्टिफिकेट मागतात म्हणून लोकांना नावंही ठेवू नकोस हं. पगाराच्या लेव्हल १० वरून ११ ला जायला ओरिएंटेशन कोर्स लागतो, रिफ्रेशर कोर्स लागतात, नियमच आहे यूजीसीचा, घराचे हप्ते भरणारा माणूस कागद मागणारच. आणि ही कल्पना मुळात वाईट नव्हती. ८६ चं शिक्षण धोरण आलं, ८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं (प्राध्यापकांना प्रशिक्षण देणारी केंद्रं) निघायला लागली, आपल्या देवी अहिल्या विद्यापीठातही आलं, मग २०१५ ला त्याचं नाव एचआरडीसी झालं, २०२३ पासून मालवीय मिशन. पाटी बदलली, पण खुर्च्यांची मांडणी बरीचशी तीच राहिली, एक जण पुढे बोलतोय आणि चाळीस जण मोबाईल बघतायत (आणि विषय काय, तर विद्यार्थ्यांना वर्गात गुंतवून कसं ठेवावं). माझं ओरिएंटेशन तेव्हा चार आठवड्यांचं होतं. ओळखी खूप झाल्या, जबलपूरची एक मैत्रीण अजून दिवाळीला फोन करते, पण परत आल्यावर वर्गात काय बदललं विचारशील तर फळ्यावर अक्षर मोठं काढायला लागले, बस.

माझ्या वर्गात खरा फरक पडला तो एका बुडबुड्यामुळे. बीएससी फर्स्ट इयरला फेज (घन, द्रव, वायू या अवस्था) शिकवत होते, चांगलं चाललंय असं वाटत होतं, पोरं माना डोलवत होती. शेवटची पाच मिनिटं उरली म्हणून सहज म्हटलं की वहीचं अर्धं पान फाडा आणि लिहा, पाणी उकळताना जे मोठे बुडबुडे वर येतात त्यांच्यात काय असतं, नाव लिहू नका. घरी येऊन चिठ्ठ्या वाचल्या आणि जेवण गेलं नाही. कोणी लिहिलंय हवा, कोणी ऑक्सिजन, बऱ्याच जणांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजन, एकाने तर ‘व्हॅक्यूम’. पाण्याची वाफ लिहिणारे निम्मेही नव्हते. ही पोरं बारावीला केमिस्ट्रीत चांगले मार्क घेऊन आलेली, फेज डायग्राम काढून दाखव म्हटलं तर फटाफट काढतील. पाणी उकळलं की एचटूओ तुटतं असं डोक्यात असेल तर त्यावर मी पुढचे सहा महिने जे काय चढवणार होते ते सगळं वाळूवरच की!

मी त्या चिठ्ठ्या दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये नेल्या. बॉटनीवाल्या मॅडम हसल्या आणि म्हणाल्या थांब, मी पण विचारते, झाडाचं सुकं वजन वाढतं ते कशातून. त्यांच्याकडे उत्तरं आली माती, पाणी, खत. हवेतल्या कार्बन डायऑक्साईडमधून असं लिहिणारे इनमिन चार-पाच. मग फिजिक्सवाले सर पेटले. त्या चहाला जे बोलणं झालं तितकं शिकवण्याबद्दल आम्ही त्याआधी दहा वर्षांत बोललो नव्हतो, डीए आणि इन्क्रिमेंटबद्दल बोलायचो.

तर तुझी एफडीपी ही. महिन्यातून एकदा, दीड तास, पाच-सहा जण, प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या चिठ्ठ्या नाहीतर तपासलेल्या वीसेक उत्तरपत्रिका आणायच्या आणि एकाच प्रश्नावर बोलायचं, ह्या पोरांना नक्की काय समजलंय आणि हे असं का समजलं असेल. पीपीटी नाही, दीपप्रज्वलन नाही, बुके तर अजिबात नाही.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई देवास जिल्ह्यात सरकारी मिडल स्कूलमध्ये विज्ञान शिकवायच्या, तिथे एकलव्य नावाच्या संस्थेची होशंगाबाद विज्ञान ही प्रयोगांतून शिकवायची पद्धत चालायची. १९७२ ला सोळा शाळांपासून सुरू झालेला कार्यक्रम तो, दिल्ली विद्यापीठाचे, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचे लोक येऊन गावातल्या मास्तरांबरोबर बसायचे. उन्हाळ्याचं ट्रेनिंग असायचंच, पण जाऊबाई सांगायच्या की खरा जीव होता तो मासिक गोष्ठीत, म्हणजे दर महिन्याला आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येणार, कुठला प्रयोग फसला, पोराने काय विचारलं ज्याचं उत्तर देता आलं नाही, ते सांगणार. फसलं ते सांगायला बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही. २००२ ला सरकारने तो कार्यक्रम बंद केला ते वेगळं दुखणं आहे. पण मला कायम वाटत आलंय की मिडल स्कूलच्या मास्तरांना जे मिळालं ते आम्हा पीएचडीवाल्यांना का मिळू नये, आम्हाला तर शिकवायचं कसं हे कोणी शिकवलेलंच नसतं, नेट (प्राध्यापक व्हायची परीक्षा) काढली की उभं केलं वर्गात.

आता एक गोष्ट नीट ऐक कारण इथे मी स्वतः तोंडावर आपटलेय. दुसऱ्या वर्षी वरून सूचना आली की ह्या बैठकांचा रिपोर्ट द्या, कोणाच्या वर्गात किती मुलांना आलं नाही ते टेबल करा. मी भोळसटपणे केलं. पुढच्या अप्रेझलला एका तरुण सरांसमोर तो कागद ठेवला गेला. झालं, पुढच्या बैठकीला प्रत्येकाच्या चिठ्ठ्यांवर शंभर टक्के बरोबर उत्तरं! विश्वास परत यायला दीड वर्ष लागलं आणि ते सर काही परत आले नाहीत. त्यामुळे सुरुवातीलाच प्रिन्सिपलकडून कबूल करून घे की बाहेर फक्त तारीख, हजेरी आणि विषय जाईल, आत काय बोललं गेलं ते नाही. नॅकच्या (कॉलेजांना ग्रेड देणारी संस्था) ६.३ या शिक्षकांबद्दलच्या निकषासाठी आमच्या वेळी तेवढं पुरायचं. आणि एचओडी (विभागप्रमुख) आत नको, कितीही चांगला असला तरी.

दुसरं मला सगळ्यात उपयोगी पडलेलं म्हणजे सेमिस्टरच्या मध्यावरची चौकशी. शेवटचा फीडबॅक फॉर्म असतो ना, एक ते पाच गोल करा, तो येतो तेव्हा ती पोरं पुढच्या वर्गात गेलेली असतात, त्यांना त्याचा काय उपयोग. त्यापेक्षा सहाव्या-सातव्या आठवड्यात, समज वर्ग माझा आहे, तर तू माझ्या वर्गात ये, मी बाहेर जाते, तू पोरांचे चार-पाचचे गट कर आणि तीन गोष्टी विचार, शिकायला कशाची मदत होतेय, कशाने अडतंय, काय बदलता येईल, मग सगळ्यांना पटलेलं तेवढंच फळ्यावर लिही. वीस-पंचवीस मिनिटांत होतं. संध्याकाळी मला एकटीला सांग आणि कागद फाडून टाक. पुढच्या तासाला मी वर्गात सांगायचं की तुमचं हे ऐकलं, हे बदलते, हे बदलता येणार नाही आणि का ते. हा शेवटचा भाग विसरलीस तर सगळं फुकट, पोरं परत तोंड उघडणार नाहीत.

माझ्या वर्गातून काय आलं माहितेय? मला वाटलेलं मी फार भरभर शिकवते असं येईल. आलं हे की ‘मॅम समझाती हिंदी में हैं, लिखवाती अंग्रेज़ी में हैं, घर जाकर दोनों जुड़ते नहीं’. धार, झाबुआ, खरगोनकडची हिंदी मीडियमची पोरं, पहिल्या बाकावर कधी न बसणारी. इतकी वर्षं मी समजत होते की दोन्ही भाषा वापरून मी त्यांच्यावर उपकार करतेय! मग फक्त इतकं केलं की प्रत्येक तासाला फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात सात-आठ शब्द दोन्ही भाषांत, तास संपेपर्यंत पुसायचे नाहीत. आणि उत्तर तोंडी हिंदीत सांगितलं तरी चालेल. बोलायला लागली पोरं.

वर्ग बघायला जायचं असेल तर एकाच गोष्टीसाठी जा, ती पण ज्याचा वर्ग आहे त्यानेच ठरवायची. मी बॉटनीच्या मॅडमना म्हटलं होतं की प्रश्न विचारल्यावर मी किती थांबते तेवढंच घड्याळ लावून बघा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी हे पूर्वीच मोजून ठेवलंय, शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, तीन सेकंद थांबले तरी उत्तरं लांब आणि बरी येतात. माझं पण एकच भरलं. तीन सेकंद ऐकायला काही नाही, वर्गात उभी राहून बघ, घाम फुटतो.

हो, एक धोका आधीच सांगून ठेवते. गटात बोला, चिठ्ठी लिहा, शेजाऱ्याला समजाव, असं सुरू केलंस की तुझा फीडबॅकचा आकडा बहुतेक खाली येईल. २०१९ ला हार्वर्डमध्ये फिजिक्सच्या वर्गांवर हेच तपासलं होतं, अशा तासांनंतर मुलांनी जास्त शिकलं पण त्यांना स्वतःला वाटलं की कमी शिकलो, छान लेक्चर ऐकलं की सगळं समजल्यासारखं वाटतं ना, तसं. शिकतात हे मात्र खरं, २०१४ चा २२५ अभ्यासांचा एकत्र आढावा आहे विज्ञान-इंजिनिअरिंगच्या कोर्सेसचा, नुसत्या लेक्चरच्या वर्गात नापास साधारण ३४ टक्के, असे उपाय केलेल्या वर्गात २२ च्या आसपास. हे दोन्ही प्रिन्सिपलना आत्ताच दाखव, आकडा पडल्यावर दाखवलंस तर सबब वाटेल.

आणि अतिथी विद्वानांना, म्हणजे कायम नसलेल्या शिक्षकांना, विसरू नकोस. फर्स्ट इयरचे निम्मे तास तर तेच घेतात आणि एफडीपीच्या यादीत नाव मात्र नसतं. त्यांना हजेरीवर पैसे, त्यामुळे बैठक अशा दिवशी ठेव जेव्हा ते असेही कॉलेजात असतात आणि त्यांचा तास बुडत नाही. आमच्या गटातले सगळ्यात चांगले प्रश्न एका अतिथी विद्वान मॅडमचे असायचे, त्या तीन कॉलेजांत शिकवायच्या, तीन तऱ्हेची पोरं बघायच्या.

खर्च म्हणशील तर चहा-पोहे. बाहेरच्या वक्त्याचं मानधन, गाडी, शाल-श्रीफळ जे वाचेल त्यातून लायब्ररीला दोन चांगली हिंदी टेक्स्टबुकं घे.

सुरुवात तीन जणांनी केलीस तरी चालेल, सगळ्या स्टाफला सर्क्युलर काढू नकोस, सर्क्युलर निघालं की लोक सही करायच्या मूडमध्येच येतात. ज्या दोघी तुझ्याबरोबर डबा खातात त्यांना आधी गाठ. आणि पहिली बैठक मार्चमध्ये असेल तर कॅलेंडर बघून घे, आम्ही एकदा नेमकी रंगपंचमीला ठेवली होती, मी आणि फिजिक्सवाले सर दोघंच, बाकी सगळे राजवाड्यावर गेरमध्ये (रंगपंचमीची रंगांची मिरवणूक).