आठ दिवसांसाठी येणाऱ्याला

चि. बाळ,
प्रभूच्या नावाने सलाम.

तुझं पत्र पोचलं. डिसेंबरच्या सुट्टीत तुमच्या तरुण संघाचे नऊजण पुण्याहून आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात सेवेला येणार, हे वाचून फार बरं वाटलं. सोबतचं वेळापत्रकही दोनदा वाचलं. आरोग्य शिबिर, मुलांची गाणी-गोष्टी, धान्यवाटप, रोज संध्याकाळी प्रार्थना. सगळं नीट आखलं आहे, पण त्यात गावातल्या एकाही माणसाचं नाव नाही. मला काळजी वाटते ती तेवढ्याचीच, आणि हे पत्रही त्यासाठीच.

मी नर्स होते हे तुला ठाऊक आहे. काही वर्षांपूर्वी शहरातल्या एका मंडळीचा, म्हणजे चर्चचा, असाच गट आला, तेव्हा जांबोटीच्या बाजूच्या एका गावात मीही त्यांच्याबरोबर गेले. दिवसभरात आम्ही बरीच माणसं तपासली. एका आजींचं बी.पी. खूप वाढलेलं निघालं. आम्ही त्यांना दहा दिवसांच्या गोळ्या दिल्या, मीठ कमी खा म्हणून सांगितलं, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि गाडीत बसलो. चार महिन्यांनी कळलं की त्यांच्या अंगावरून वारं गेलं. मी भेटायला गेले. सुनेने फळीवरचा पत्र्याचा डबा काढून माझ्यापुढे उघडला. त्यात गोळ्यांची ती रिकामी पाकिटं नीट घडी घालून ठेवलेली. "डॉक्टर परत येतो म्हणाले होते की ओ," ती म्हणाली. बोलण्यात राग नव्हता. ती फक्त झालं ते सांगत होती.

त्याच गोळ्या सरकारी दवाखान्यात दर महिन्याला फुकट मिळतात. गावातली आशाताई आजींच्या घरापासून हाकेच्या अंतरावर राहते. आम्ही तिला शिबिराला बोलावलंच नव्हतं. बोलावून आजींचं नाव तिच्या वहीत चढवलं असतं, तर पुढचं तिने पाहिलं असतं. हा दोष माझा होता. इतकी वर्षं दवाखान्यात काढलेल्या बाईला हे सुचायला हवं होतं.

म्हणून तपासणी करायचीच असेल तर आधी आशाताईला आणि आरोग्य केंद्राला विचारा, आणि ज्याचं बी.पी. किंवा साखर वाढलेली निघेल त्याचं नाव तिच्या हाती द्या. तुम्हाला इथे आणखी एक काम आहे, ते तुमच्या यादीत नाही. ह्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना मराठी वाचता येतं, पण दवाखान्यातला कागद, पेन्शनचा अर्ज, बसवरची पाटी, सगळं कन्नडमध्ये. इथली कॉलेजची पोरं दोन्ही भाषा जाणतात. त्यातली दोन-तीन जोडीला घ्या आणि एक दिवस नुसते अर्ज भरायला बसा. लोक रांग लावतील.

भाषेवरून आठवलं. १ नोव्हेंबरच्या आसपास कधी बेत करू नका. त्या दिवशी इथे एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे महाराष्ट्रात जायला मागणाऱ्या मराठी माणसांचा काळा दिवस. महाराष्ट्रातून आलात म्हटल्यावर कुणीतरी सीमाप्रश्न काढणारच. ऐकून घ्या, मत देऊ नका. आपल्या मंडळीत मराठी बोलणारे आहेत तसे कन्नड बोलणारेही आहेत, आणि प्रभुभोजनाला ते एकाच बाकावर बसतात.

आता धान्याच्या पिशव्यांबद्दल. पिशवी हातात देऊन लगेच प्रार्थना, असं करू नका. २०२१ च्या डिसेंबरात कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक मंजूर केलं ते आमच्या बेळगावच्या सुवर्ण विधानसौधातच, आणि २०२२ साली त्याचा कायदा झाला. त्यात भेटवस्तू, पैसा, नोकरी, फुकट शिक्षण, सगळं 'आमिष' ह्या शब्दाखाली येतं. २०२३ मध्ये नव्या सरकारने तो रद्द करायचं ठरवलं. पण कायदा कधी झालाच नसता तरी मी तुला हेच सांगितलं असतं. भुकेल्या माणसाला भात द्यावा तो भूक लागली म्हणून. त्याच्या बदल्यात त्याने डोळे मिटावेत अशी अपेक्षा धरली की भाताचीही किंमत जाते आणि प्रार्थनेचीही. शिवाय तुम्ही आठव्या दिवशी गाडीत बसता. मागे राहतात ती गावातली आपली चार-पाच घरं. तुम्ही वाटलेल्या पत्रकाचा जाब त्यांना विहिरीवर, दूध डेअरीत, ग्रामपंचायतीत द्यावा लागतो. एका घराशी शेजाऱ्यांनी वर्षभर बोलणं टाकलं होतं, ते मी पाहिलंय. काहीही वाटण्याआधी तिथल्या चर्चच्या पाळकांना विचारा आणि ते नको म्हणाले तर नकोच.

आठ दिवसांत काही होत नाही, असं माझं म्हणणं नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा चढल्या तेव्हा निपाणी-चिकोडीकडच्या गावांत किती गाड्या आल्या. जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पावसात भिजत पडले, कुणी हात लावेना. पण एका गावात चार पोरं आली होती, खांद्यावर फावडी घेऊन. त्यांनी सरपंचांना विचारलं, कुणाच्या घरी माणूसबळ नाही? सरपंचांनी एका विधवा बाईचं घर दाखवलं. आत गुडघाभर गाळ. ज्वारीची पोती फुगून फुटलेली, दाण्यांना कोंब आलेले, आणि तो आंबूस वास असा की उंबऱ्यातच पाय अडखळावा. पाच दिवस त्यांनी तो गाळ घमेल्याने उपसला. भिंती धुतल्या, चूल मांडायला विटा शोधून आणल्या, सडलेली ज्वारी लांब नेऊन पुरली. भाषण नाही, बॅनर नाही. पाचव्या दिवशी त्या बाईंनी त्यांना विचारलं, "तुम्ही कुठल्या देवाची पोरं?" मग त्यांनी सांगितलं.

१८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे टेलर बेळगावला आले ते राहायलाच आले. इथली भाषा शिकले, शाळा काढल्या. १८३१ मध्ये ह्याच गावात जन्मलेले बाबा पदमनजी मिशनच्या शाळेत शिकले आणि १८५४ मध्ये इथेच त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिकडे मिरजेला वानलेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये इस्पितळ उघडलं आणि १९२८ पर्यंत ते चालवलं. आमच्या आजोबांच्या पिढीपासून इकडची माणसं दुखणं घेऊन मिरजेची गाडी धरत आली. तुला तसं आयुष्य द्यायला मी सांगत नाही. नोकरी आहे, घर आहे. पण नऊ जणांनी नऊ वेगळी गावं करण्यापेक्षा एकच गाव धरा. पुढच्या वर्षी तिथेच या, त्याच्या पुढच्या वर्षीही. दुसऱ्या वर्षी पोरांनी तुम्हाला नावाने हाक मारली की कामाला सुरुवात झाली म्हणायचं.

बाकी बारीकसारीक. डिसेंबरात भाताची मळणी चालू असते, म्हणून दुपारी कुणी घरी सापडणार नाही. हवं तर खळ्यावर जाऊन हात लावा. मुलांचे फोटो आई-बापांना विचारल्याशिवाय काढू नका, आजाऱ्याचे तर काढूच नका. प्रभूने सत्तर जणांना झोळीशिवाय पाठवलं आणि पुढ्यात वाढतील ते खा म्हणून सांगितलं, ते लक्षात ठेवा. उकड्या तांदळाचा भात आणि नाचणीची आंबील मिळेल, पोटभर खा. पण नऊ माणसांचं आठ दिवसांचं जेवण एका गरीब घराला जड जातं. शिधा पहिल्याच दिवशी पाळकबाईंच्या हाती गुपचूप द्या, नाहीतर तुमच्यासाठी अंड्यावरची कोंबडी कापतील.

खानापूर स्टेशनवर मी घ्यायला येईन. सामान मंडळीत टाकू आणि पहिल्या संध्याकाळी आपण दोघंच त्या आजींकडे जाऊ. आता काठी धरून अंगणापर्यंत येतात. उजव्या कानाने ऐकू येत नाही, तेव्हा डाव्या बाजूला बस आणि सावकाश बोल.

तुझी,
बेळगावची मावशी